परमिट कोणाच्या नावावर होतं

"तुझं अक्षर चांगलं हाय. तूच लिही," नाना म्हणाले.

माझ्या भावाला जाऊन पाच दिवस झाले होते. घरात सुतक होतं. सुतकात माणूस कोणाच्या दारात जात नाही, हे नानांना ठाऊक नव्हतं असं नाही. तरी सकाळीच गाडी पाठवून मला बोलावून घेतलं. आणि सुतक आहे म्हणून बंगल्यात न घेता मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवलं, जिथं त्यांचे ट्रॅक्टर आणि पाण्याचे टँकर उभे असतात. नाना खुर्चीवर. त्यांची तीन माणसं बाजेवर. मी खाली, पोत्यावर. चहा त्यांना कपबशीत आला, मला कागदी पेल्यात. सुतकाचं निमित्त होतं, त्यामुळं कोणाला काही वाटलं नाही. पण सुतक नसतानाही, नानांच्या मागं हिंडलेल्या नऊ वर्षांत मी त्या बंगल्याचा उंबरा ओलांडला नव्हता. हे मला त्या दिवशी तिथं बसल्या बसल्या पहिल्यांदा आठवलं.

वही माझ्यापुढं सरकवली. पेन नानांच्या खिशातलं. ते सांगायला लागले, मी लिहायला लागलो.

"लिही. मी खाली सही करणार, असं लिहून देतो की, माझा भाऊ मारुती, वय सव्वीस, हा वीज कंपनीचा माणूस नव्हता. त्याला कोणीही कामावर बोलावलं नव्हतं. तो घरासाठी आकडा टाकायला स्वतःहून खांबावर चढला."

आकडा म्हणजे उघड्या तारेला अडकवलेली चोरीची वायर. माझा भाऊ वीज चोरताना मेला, असं मी माझ्या हातानं लिहून द्यायचं होतं.

आणि मी लिहिलं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की मी मोठा शूर माणूस आहे. 'आकडा' या शब्दापर्यंत मी लिहिलं. सुबक अक्षरात, ओळ वाकडी न होऊ देता.

आमची वस्ती गावापासून दोन किलोमीटरवर, माळावर. धनगरांची तीसेक घरं. बाप मेंढरामागं हिंडून हिंडून गेला, तेव्हा मी बारावीला होतो आणि मारुती चड्डीत. मायनं मेंढरं विकली नाहीत. ती मागं हिंडली आणि मला शिकवलं. आता मी तेलगावला एका दुकानात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो. रेशनकार्ड, पीकविमा, उतारे. वस्तीत शिकलेला मीच. म्हणून नानांच्या नजरेत भरलो.

नाना म्हणजे आमच्याकडचं सगळंच. पूर्वी जिल्हा परिषदेत होते. आता नाहीत, पण तिथं कोण बसणार हे अजून तेच ठरवतात. नळयोजनेचं काम त्यांच्या मेव्हण्याकडं. टँकर त्यांचे. थंड पाण्याच्या जारचा धंदा त्यांचा. गावाबाहेरचं मंगल कार्यालय त्यांचं. मुख्य रस्त्यापासून निघालेलं डांबर त्यांच्या पेट्रोल पंपापाशी संपतं, पुढं वस्तीपर्यंत खडी आहे आणि ती खडीसुद्धा त्यांच्याच क्रशरची. नळाला पाणी आलं तर जार कोण घेणार आणि टँकर कोण बोलावणार? एवढं सोपं गणित आहे. मला नऊ वर्षं सुटलं नाही, कारण मला ते सोडवायचंच नव्हतं.

मी नानांच्या पोस्टी लिहायचो. वाढदिवसाच्या, उद्घाटनाच्या, कोणाच्या घरी सांत्वनाला गेले त्याच्या. 'वंचित वस्तीला मुख्य प्रवाहात आणणारे नेतृत्व' हे शब्द माझे. वस्तीवर नळ आले तेव्हाचा फोटो अजून लोकांच्या मोबाइलमध्ये असेल. नळ सुरू आहे, बायका हसतायत, नाना हंडा धरून उभे आहेत. ते पाणी टँकरचं होतं. मागं पाइपात टँकरचं पाणी सोडलं होतं, फोटोपुरतं. पाइप मीच धरला होता. त्यानंतर त्या नळाला पाणी आलेलं मी पाहिलेलं नाही, आणि तरीही त्या फोटोखाली आलेले अंगठे मी संध्याकाळपर्यंत मोजत बसलो होतो.

तर अशा माझ्या वशिल्यानं मारुती लाईनीवर लागला.

तो दहावी नापास. मेंढरांत त्याचं मन लागेना. तारा, बोर्ड, मोटारी यांत मात्र त्याचा हात चालायचा. मी नानांना म्हणालो, याला कुठंतरी लावा. नानांनी आमच्या भागाच्या लाईनमनला बोलावलं आणि सांगितलं, "ह्याला संगं घे. शिकव." लाईनमन पन्नाशीचा. गुडघे गेलेले, बीपीची गोळी चालू. त्यानं खांब चढायचं कधीच सोडून दिलं होतं. त्याला चढणारा माणूस हवाच होता.

अशा माणसाला आमच्याकडं झिरो वायरमन म्हणतात. गावोगाव आहेत. कंपनीच्या कागदावर त्यांचं नाव नाही, पगार नाही, विमा नाही, हातमोजे नाहीत. पण डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाला, फ्यूज उडाला, तार तुटली की लोक फोन त्यांनाच करतात. आठ वर्षं मारुतीनं हे काम केलं. वादळात, पावसात, सणावारी. लोक ज्वारी द्यायचे, कोणी दूध, कोणी पेट्रोलपुरते पैसे. पकडीच्या मुठीला त्यानं सायकलची ट्यूब गुंडाळलेली होती, तेवढंच काय ते संरक्षण. "फुडच्या भरतीत तुझंच नाव," असं लाईनमन त्याला दर वर्षी सांगायचा. मी पण सांगायचो. नानांनी मला सांगितलेलं मी त्याला सांगायचो.

आता परमिटचं सांगतो, कारण सगळं त्यातच आहे.

खांबावर चढायचं तर आधी सबस्टेशनवरून लाईन बंद करून घ्यावी लागते. त्याला परमिट म्हणतात. ते रजिस्टरमध्ये चढतं. ज्याच्या नावावर परमिट, त्यानं काम झालं असं सांगितल्याशिवाय लाईन चालू करायची नाही, असा नियम. नियम चांगलाच आहे. पण झिरोच्या नावावर परमिट कसं निघणार? तो तर कागदावर नाहीच. म्हणून लाईनमन घरूनच फोन करायचा, "माझ्या नावावर परमिट टाक," आणि चढायचा मारुती. उतरला की तो लाईनमनला फोन करायचा, लाईनमन सबस्टेशनला. आठ वर्षं असंच चाललं. सगळ्यांना माहीत. ऑपरेटरला माहीत, साहेबांना माहीत, मला माहीत. यात काही चुकतंय असं एकालाही वाटलं नाही. काम होत होतं ना.

त्या दिवशी वैशाखातलं मोठं लग्न होतं. मंगल कार्यालय भरलेलं. मुलीकडचे पाहुणे पार नारायणगडाच्या बाजूचे. नाना सकाळपासून दारात उभे, कारण येणारा प्रत्येक माणूस म्हणजे मत. मी पांढरा शर्ट घालून, गळ्यात ओळखपत्र अडकवून फोटो काढत हिंडत होतो.

सकाळी आठला मारुतीचा फोन आला होता. "दादा, वस्तीजवळच्या खांबावरची जंप उडालीय. मोटार बंद हाय, हौदात पाणी न्हाई, मेंढरं तशीच उभी हायत. लाईनमनला परमिट घ्यायला लावतो अन् करून टाकतो." जंप म्हणजे खांबावर दोन तारा जोडणारा वायरचा तुकडा. मी म्हणालो, "कर. अन् आटोपून जेवायला इकडंच ये. बुंदी हाय." तो हसला. त्याला बुंदी आवडायची.

सबस्टेशनवरून लाईन बंद झाली ती अकराच्या पुढं. आमची वस्ती आणि नानांचं मंगल कार्यालय एकाच लाईनीवर आहेत. कार्यालयातले पंखे थांबले. जनरेटर सुरू केला, तो थोडा वेळ चालून धूर ओकून बंद पडला. पत्र्याखाली हजारभर माणूस. बायका पदरानं वारा घेऊ लागल्या, लेकरं रडू लागली, वरबाप नानांकडं बघायला लागला. मुहूर्त जवळ आलेला. नाना घामानं भिजले होते. ते माझ्याकडं वळले.

"लाईट कावून गेली? लाव फोन सबस्टेशनला."

नानांचा फोन त्यांच्या ड्रायव्हरकडं होता आणि ड्रायव्हर बाहेर. मी माझ्या मोबाइलवरून लावला. लागल्यावर नानांच्या हातात दिला. मी शेजारीच उभा होतो, ऑपरेटरचं बोलणं मला ऐकू येत होतं. तो म्हणाला, "नाना, वस्तीकडं काम चालू हाय. लाईनमनच्या नावावर परमिट हाय. त्यांनी सांगितल्याबिगर देता येत न्हाई."

नानांनी मान वर करून पाहिलं. लाईनमन समोरच्या पंगतीत बसलेला.

"अरे, तो तर हितं बुंदी खायलाय. दे लाईन."

आणि नानांनी त्याला हाक मारून विचारलं, "काय बे, देऊ का लाईन?" लाईनमनचं तोंड भरलेलं होतं. त्यानं हात वर केला. कशासाठी वर केला कोण जाणे. हो म्हणून, की थांबा म्हणून, की नुसता नाना बोलले म्हणून. पण नानांनी ते हो धरलं. फोनवर सांगितलं, "हो म्हणतोय. दे."

मला माहीत होतं का, की मारुती वर आहे? हा प्रश्न मला पोलिसांनी विचारला नाही, कोणीच विचारला नाही. मी स्वतःला विचारतो. माहीत होतं. सकाळी आठला त्यानंच सांगितलं होतं. पण त्या गर्दीत, त्या घामात, नाना शेजारी उभे असताना ते माझ्या डोक्यात आलंच नाही. दोन शब्द पुरले असते. 'नाना, थांबा.' नऊ वर्षांत हे दोन शब्द मी एकदाही उच्चारले नव्हते. माझ्या जिभेला त्यांची सवयच नव्हती.

पंखे फिरायला लागले. मांडवात एकच गलका झाला, आली आली. नानांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आणि मला बरं वाटलं. मी खोटं सांगणार नाही, मला त्या घडीला फार बरं वाटलं. मी मोबाइल वर करून पंख्याखालच्या माणसांचा फोटोसुद्धा काढला.

वस्तीवरून फोन आला तेव्हा मंगलाष्टकं चालू होती. आवाजात काही ऐकू येईना. बाहेर येऊन परत लावला. शेजारची काकू ओरडत होती, "तुजा मारत्या पडला रं, तुजा मारत्या काळा पडला."

मी पोचलो तेव्हा त्याला खांबाजवळच्या बाभळीच्या सावलीला आणून ठेवलं होतं. एक चप्पल पायात, एक कुठंतरी गेलेली. माय त्याच्या तळपायाला हात चोळत होती, ऊब यावी म्हणून. पाय गरमच होते, उन्हानं. ती म्हणत होती, "गरम हाय, बघ, गरम हाय अजून." मी तिचे हात धरले नाहीत. मला तिच्या अंगाला हात लावायची लाज वाटत होती. माझ्या खिशात तोच मोबाइल होता.

नाना दवाखान्यात आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. लाकडांची सोय त्यांनी केली. मातीला आले. आणि पाचव्या दिवशी गाडी पाठवली.

तर मी 'आकडा' पर्यंत लिहून थांबलो होतो. नानांना वाटलं मला रडू येतंय. त्यांनी आवाज खाली आणला.

"काळजी करू नको. दहावा होऊ दे. त्याच्या जागेवर तुला लावतो."

मी वर पाहिलं. "कोणत्या जागेवर, नाना?"

"अरे, लाईनीवर. लाईनमनसंगं. तू तर हुशार हाईस, म्हैन्याभरात शिकशील."

"पर आत्ताच तर तुमी लिहायला सांगितलं, तो कामावर नव्हता म्हून. नव्हता तर त्याची जागा कुठून आली?"

बाजेवरच्या एकानं पाय खाली सोडले. "ए बे, कोणाशी बोलायलास?"

"बोलू दे," नाना म्हणाले. "दुःखात हाय. हे बघ, ते कागदापुरतं. जागा म्हंजे आपल्या घरची गोष्ट."

"म्हंजे उद्या मी मेलो तर मी बी चोरच."

हे मी ठरवून बोललो नाही. तोंडातून निघालं. आणि निघाल्यावर माझं मलाच ऐकू आलं. नानांचा चेहरा बदलला. मी नऊ वर्षं त्या चेहऱ्याचे फोटो काढले, पण हा चेहरा पाहिला नव्हता. ते ओरडले नाहीत. हळूच म्हणाले.

"कावून वाकड्यात शिरायलास? मेंढरामागं हागत फिरणारी जात तुमची. माणसांत कोणी आणलं तुमाला? डीपी कोणी दिला?"

मी तेच लिहीत आलो होतो. फक्त गोड शब्दांत. मुख्य प्रवाहात आणणारे नेतृत्व, म्हणजे हेच. आम्ही माणसांत नव्हतो, यांनी आणलं. माझ्या वस्तीबद्दल, माझ्या मायबद्दल मी हे नऊ वर्षं लोकांना वाचायला देत होतो, आणि वर फुलांची चित्रं टाकत होतो. त्या शिवीनं मला नानांचा राग आला, पण त्याहून जास्त माझी किळस आली.

मी वहीतलं पान फाडलं. घडी केली, खिशात घातलं. पेन नानांच्या खुर्चीच्या हातावर ठेवलं. ते घरंगळून खाली पडलं, मी उचललं नाही. "सही करणार न्हाई," एवढंच म्हणालो. शेडच्या दारात एक जण आडवा आला. नानांनी त्याला मानेनं बाजूला व्हायला सांगितलं. त्यांना वाटलं असणार, जाऊन जाऊन जाईल कुठं.

सोडायला गाडी होती. मी चालत निघालो. पेट्रोल पंपापाशी डांबर संपलं.

घरी मायला सगळं सांगितलं. कागदाचं सांगितलं. जागेचं सांगितलं. शिवीचं सांगितलं. ती ऐकत होती. मग मी फोनचं सांगितलं. लाईन द्यायला लावणारा फोन माझ्या मोबाइलवरून गेला, मीच लावून दिला, हे तिला तोवर माहीत नव्हतं.

ती चुलीजवळ बसलेली, हातात काटकी. मग विचारलं.

"तुला ठावं होतं का, तो वर हाय म्हून?"

"होतं, माय."

तिनं काटकी चुलीत घातली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "मग लिहून देशील तवा तुजं बी नाव घाल."

बस. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

दहावा झाला. डोक्याचे केस उतरवले आणि दुसऱ्या दिवशी तसाच ठाण्यात गेलो. तिथं म्हणाले, अकस्मात मृत्यूची नोंद झालीय, आता काय राहिलं? मी बसून राहिलो. त्यांनी चहा पाजला, समजावलं, दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी गेलो. मग बीडला गेलो, विजेचे अपघात तपासणाऱ्या सरकारी कचेरीत. तिथला साहेब चष्म्यावरून बघत होता. म्हणाला, तुमच्या भावाची कुठंच नोंद नाही. मी म्हणालो, त्याचीच तक्रार आहे. आठ वर्षांत जिथं जिथं तो चढला त्या गावांची यादी मी करून नेली होती. अर्ज कसा लिहायचा हे मला येतं. आयुष्यभर दुसऱ्यांचे लिहिलेत.

जबाब घेताना साहेबानं विचारलं, "दोषी कोण वाटतं तुम्हाला?"

"पहिलं नाव माझं लिहा," मी म्हणालो.

त्यानं पेन थांबवलं. मी सांगितलं, मोबाइल काढून दाखवला, त्या दिवसाचा तो कॉल, त्याची वेळ. मग लाईनमन, मग ऑपरेटर, मग नाना. साहेब म्हणाला, "असं लिहून दिलं तर तुम्हीच अडकाल. नुसतं लाईनमनवर द्या, तो कागदावर आहे." माणूस वाईट नव्हता. मला वाचवायला बघत होता. पण नुसत्या लाईनमनवर दिलं तर नाना सुटतात आणि मीही सुटतो, आणि मला नानांसंगं सुटायचं नव्हतं. मी म्हणालो, "चारही नावं लिहा."

त्याचं फळ वस्तीनं भोगलं. खांबावरची जंप तशीच तुटकी राहिली. लाईनमनला निलंबित केलं, दुसरा येईना, आणि टँकर तर नानांचेच. ऐन उन्हाळ्यात तीस घरं आणि शेकडो मेंढरं पाण्यावाचून. बाया कोसभर लांबून पाणी आणायच्या आणि माझ्या दारावरून जाताना तोंड फिरवायच्या. एक दिवस वस्तीतले म्हातारे भिवाआबा आले. माझ्या बापाच्या जागी असलेला माणूस. उभ्या उभ्याच बोलले.

"मेलेलं माणूस येत न्हाई, लेकरा. माजी दोन कोकरं तहानेनं गेली काल. नानाचे पाय धर. त्यात काय लाज? आमी जलमभर धरले."

मला आबांचा राग आला नाही. त्यांच्या कोकरांचं मला खरंच वाईट वाटलं. पण काय सांगणार? मी म्हणालो, "आबा, मला न्हाई जमायचं." ते गेले. वस्तीनं मग आपसांत ठरवलं, चार माणसं नानांकडं गेली, माझ्या वतीनं माफी मागून आली. मी मागितलेली नव्हती ती माफी. दुसऱ्याच दिवशी खांबावर माणूस चढला.

मी धावत गेलो. उमापूरकडचा कोणी होता. चाळिशीचा, केस पिकायला लागलेले, पायात स्लीपर. त्याच खांबावर, त्याच जागी. खाली वस्तीतली माणसं उभी, पाणी येणार म्हणून खूश. मी खालून ओरडून विचारलं, "परमिट कोणाच्या नावावर हाय?"

तो वरूनच म्हणाला, "हाय कोणाच्या तरी. तुमाला काय करायचं?"

"तुमचं नाव हाय का?"

तो हसला. "आमाला कोण देतंय परमिट." आणि कामाला लागला. वस्तीतल्या एकानं मला दंडाला धरून मागं ओढलं, म्हणाला, काम करू दे बे त्याला. मी त्याचं काम होईस्तोवर तिथंच उभा राहिलो. मला त्याच्याकडं बघवत नव्हतं आणि नजर काढवतही नव्हती. तो खाली उतरला, पाय मातीला लागले, तेव्हा मी सगळ्यांसमोर खाली बसून मोठ्यानं रडलो. मारुती गेल्यापासून तोवर रडलो नव्हतो. तो माणूस घाबरला. त्याला वाटलं वेडा आहे. पाणी पाजलं मला त्यानं.

आता मोटार चालू आहे. हौदात पाणी आहे. वस्ती माझ्याशी कामापुरतं बोलते. नानांच्या पोस्टी आता गावातला दुसरा कोणी लिहितो, माझ्यापेक्षा बऱ्या लिहितो. त्यांचा निरोप दोनदा येऊन गेला, तुझ्या मायला घरकुल देतो, जबाब मागं घे. तिसरा निरोप वेगळ्या भाषेत आला. रस्त्यात गाडी आडवी घालून. मी दुकानातून घरी यायची वाट बदललेली नाही.

साहेब म्हणतो, प्रकरण न्यायालयात जाईल. तिथं साक्षीला उभं राहावं लागेल, नानांचा वकील मला फाडून खाईल, म्हणेल, फोन तूच लावलास, आता दुसऱ्यावर ढकलतोस. बरोबरच म्हणेल. जिंकू असं मला वाटत नाही. कंपनी हात वर करेल, नाना कानावर हात ठेवतील, लाईनमनला वर्षभरात परत कामावर घेतील.

माय अजून बोलत नाही. भाकरी थापते, ताट माझ्यापुढं ठेवते आणि पाठ करून बसते. एकदा तापात होतो तेव्हा तिनं रात्रभर कपाळावर फडकं ठेवलं, पण तेव्हाही शब्द नाही. ती कधी बोलेल, बोलेल की नाही, मला माहीत नाही. तिनं बोलावं म्हणून मी हे करत नाही. तसं असतं तर केव्हाच तिच्या पायावर डोकं ठेवून मोकळा झालो असतो.

तारीख लागेल तेव्हा मी जाणार आहे. पिंजऱ्यात उभा राहणार आहे. मारुती चोर नव्हता, कामावर होता, हे भर कोर्टात सांगणार आहे. नाना समोर बसलेले असतील, असू देत. कोणी काही विचारायच्या आत, फोन मी लावला होता, तिथून सुरुवात करणार आहे.